चौथा टायर

शंकर नगर, रायपूर
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थरूप शामरावमामांच्या सेवेशी,

भाचा जयंत याचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन मनाने टेकवली असं समजावं. तीन हा आकडा मात्र आईच्या कानावर जाऊ देऊ नये, कारण पुढे येईलच.) तुमची साखर, मामींची कंबर आणि अंगणातलं सीताफळाचं झाड आपापल्या जागी ठीक असावं. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन लावला की आई शेजारच्या खुर्चीत येऊन बसते आणि ऐकत नसल्यासारखं करते, आणि आमच्या विराजच्या लग्नापासून तुम्ही आम्हा सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर ब्लॉक करून ठेवलं आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, तोवर लिहून घेतो.

तो लग्नातला प्रसंग उगाळायचा नाही असं ठरवून बसलो होतो, तरी थोडा उगाळावा लागतोच. व्याह्यांना मंडपात बोलावून आणायला तुम्ही, मी आणि भटजी असे निघालो आणि आईने दारात आडवा हात घातला. शुभकार्याला तिघांनी जायचं नाही, तीन तिगाडा काम बिगाडा, चौथा माणूस घ्या. त्या घडीला मोकळा असलेला चौथा म्हणजे नत्थू आचारी, आणि तो हातातल्या झाऱ्यासकट आला. (व्याह्यांना वाटलं, जेवणाचं काहीतरी फिसकटलं.) मुहूर्त हुकता हुकता राहिला आणि तुम्ही भर मंडपात म्हणालात, "ताई, तुह्या डोक्याचंच तीन तिगाडं झालं आता." आईने तोंड फिरवलं, तुम्ही पंगतीला न बसता भिलाईला निघून गेलात. तेव्हापासून आईच्या दोन भाऊबीजा ओवाळणीचं ताट तसंच उचलून ठेवण्यात गेल्या. दोष कुणाचा, यात मी पडत नाही. नवा रायपूरच्या कार्यालयात इतकी वर्षं काढली की माणसाला अलिप्तपणा आपोआप येतो.

आता मूळ विषय, म्हणजे बाबांची तीनचाकी मोटारसायकल. तुम्ही तिला भाऊजींचा रणगाडा म्हणायचा. बाबांनी रेल्वेत असताना हौसेने साइडकार जोडून घेतली, आणि आज घरातली तीच एक वस्तू अशी आहे की जिच्यात बसून आई घराबाहेर पडू शकते. बंद गाडीत बसवलं की पहिल्या सिग्नलच्या आत तिला मळमळतं. रेल्वेला तिची हरकत नाही, पण स्टेशनवरच्या पुलाला तिच्या गुडघ्यांची आहे. साइडकारमध्ये मात्र (आई तिला डोली म्हणते) ती डोक्याला पदर घट्ट बांधून अशी बसते की चौकातला ट्रॅफिकवाला नकळत वाट करून देतो. विराज म्हणतो, "पापा, बेच दो इसको, पार्ट भी नहीं मिलते." त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून मी फडकं घेऊन गाडी पुसायला लागतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना आईने टायरला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि बोट तसंच घसरून खाली आलं. "जयंता, इथं तं सारं गुळगुळीत हाय." खरोखरच तिन्ही टायरांना टक्कल पडलं होतं. मी सवडीने पाहू म्हणालो. आई म्हणाली, भाऊबीजेच्या आत टायर पाहिजे. काहून, असं मी विचारलं. नवा रायपूरला मोकळी हवा खायला जायचं आहे, म्हणाली. (हवा भाऊबीजेनंतरही तिथेच असते, पण मी अलिप्त असल्याचं वर सांगितलंच आहे.)

आधी मी शास्त्रोक्त चौकशी केली. अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. एकाने सांगितलं की साइडकारची गाडी वळताना झुकत नाही, त्यामुळे गोल तोंडाचे टायर मधोमध झिजतात, तेव्हा सपाट तोंडाचे घ्या. दुसऱ्याने सांगितलं, पहिल्याचं ऐकू नका. तिसऱ्याने गाडी विकता का, म्हणून विचारलं. एवढं ज्ञान घेऊन आम्ही तेलीबांध्याच्या दुकानात गेलो. आई डोलीतून उतरलीच नाही, त्यामुळे मालक सचिन भैयाला एकेक टायर बाहेर आणून साड्यांसारखा तिच्यासमोर मांडावा लागला. आईने प्रत्येकाला अंगठ्याने दाबून पाहिलं. एक रेघारेघांचा तिला पसंत पडला. सचिन भैया म्हणाला, "माताजी, तीनों एक साथ बदल लीजिए, गाड़ी सीधी चलेगी." आईचा चेहरा तुम्हाला माहीत आहे तसा झाला. "तीन नाही. दोन द्या." तो म्हणाला, पर चक्के तो तीन हैं. "हव, तीनच हाय. म्हणून काय तीन घेऊ?" सचिन भैयाने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं.

दोन घेतले. पुढचा नवा, मागचा नवा, आणि डोलीचा तोच टकला. (ताटात तीन पोळ्या आल्या की एक मोडून वाढायची, तशी टायरात सोय नाही.) परिणाम असा झाला की गाडी एका बाजूने उंच झाली आणि आई डावीकडे कलली. हँडल मी कितीही सरळ धरलं तरी गाडीच्या मनात तेलीबांध्याचा तलाव भरलेला. मागून तुमची सूनबाई राधिका ओरडते, "अहो, काहून तिरपे चालवून राहिले?" खालून आई म्हणते, "मी घसरून राहिली रे!" तलावाकाठी फिरायला आलेली मंडळी आम्हाला जागा देण्यासाठी बाकावर चढून उभी राहिली. घरी आल्यावर आईने डोक्याचा पदर सोडला. मग म्हणाली, "असं वाकडं बसून नाही जाता येत कोनाच्या दारी." हे मोकळ्या हवेबद्दल नव्हतं, एवढं मलाही कळलं, आणि खरं सांगतो मामा, मला वाईट वाटलं.

तोडगा आईनेच काढला. कालचे दोन आणि आजचे दोन, म्हणजे चार. पुन्हा दुकानात गेलो. त्या मापाचे रेघारेघांचे संपले होते, शेतातल्या वाटेवर चालतात तसे बटणांचे तेवढे उरले होते. आईने दाबून पाहिले आणि सचिन भैयाला विचारलं, "हे कुम्हारीचा पूल चढते काय?" तो म्हणाला, "माताजी, पहाड़ चढ़ेंगे." नवा रायपूर पूर्वेला आणि कुम्हारी भिलाईच्या वाटेवर, पश्चिमेला, एवढा भूगोल मला येतो. आता गाडी सरळ चालते. डोलीचा टायर मात्र सडकेवर सारखा गुणगुणतो आणि आईला ते आवडतं, सोबतीला कोणी असल्यासारखं वाटतं म्हणे.

राहिला चौथा टायर. नव्या टायरांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घ्यायची होती. तीन चाकांना तीन लिंबं चालणार नव्हती, म्हणून चौथं लिंबू चौथ्या टायरखाली, आणि तो टायर मी हाताने ढकलायचा. मी ढकलला. लिंबू चिरडलं, टायर थांबला नाही. आमची गल्ली उताराची आहे. "भैया, आपकी स्टेपनी भाग रही है!" असं शेजारच्या शुक्लाजींनी फाटकातून कळवलं आणि स्वतःचं फाटक लावून घेतलं. कपाळाला कुंकू लावलेला मी, हातात आरतीचं ताट घेतलेली राधिका, आणि पुढे टायर, अशी आमची वरात पानठेल्यापर्यंत गेली. टायर ठेल्याच्या बाकाखाली जाऊन आडवा झाला. त्याला काही लागलं नाही. माझी चप्पल अजून सापडायची आहे.

असो. येथील सर्व क्षेम आहे. मामींना नमस्कार. काही मागणं नाही, सहज खुशाली कळवली.

तुमचा भाचा,
जयंत

ता. क. मागणं नाही म्हणालो ते तेवढंसं बरोबर नाही. भाऊबीजेला सकाळी आम्ही भिलाईला निघतो आहोत. हे आईने मला सांगितलेलं नाही, मी तिला विचारलेलं नाही, फक्त ओवाळणीचं ताट घासून डोलीत ठेवलेलं मी पाहिलं. तुमच्या फाटकाची रुंदी मोजून कळवावी. डोली आडवी फार आहे.

दुसरा ता. क. आणखी एक अडचण. मी, मागे राधिका आणि डोलीत आई, म्हणजे आम्ही तिघं होतो. चौथा टायर सोबत घेऊ म्हणालो, तर आई म्हणाली टायर टायरात मोजतात, माणसात नाही. म्हणून रिवाजाप्रमाणे चौथा म्हणून एक दगड बागेतून धुऊन आणला. आईने तो माझ्या हातातून घेतला. "दगड कायले? ज्याले कोनी नाही त्यानं दगड न्यावा. शाम्या हाय ना. त्याले म्हना, कुम्हारीच्या पुलापावत सामोरा ये."

दगड मी परत बागेत ठेवून दिला आहे.