सतरा न्यायाधीशांचा निकाल

तिबिलिसी
गुरुवार, १४ मार्च २०१९, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

ती. इझोल्दाआत्यास,
गोचाचा सा. न.

तुझी खोली वाचवण्याच्या अर्जाला जोडायची निकालांची यादी तपासत होतो, ती बाजूला ठेवून हे लिहितो आहे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचा निकाल दाखवायचा तर खटल्याचे नाव, क्रमांक, तारीख आणि परिच्छेद, चारही अचूक लागतात. निकाल निवडतात आमच्या वकील लामाराबाई. मी टंकलेखक, आकडे जुळवतो.

आपला सगळा भार एका परदेशी विधवेच्या निकालावर आहे. तीही तुझ्यासारखीच सरकारी इमारतीत वर्षानुवर्षे राहिलेली. सात न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला होता. पण न्यायालयाच्या संकेतस्थळावर तारीख ताडताना दिसले, की खटला पुढे सतरा न्यायाधीशांच्या महापीठाकडे गेला आणि तिथे नव्याने निकाल लागला. म्हणजे आपण दाखवतो तो निकाल आता उभाच नाही. सरकारी वकिलाने हे काढले तर तुझी खोली गेलीच.

बाईंना सांगायला जीभ रेटत नाही. त्यांनी याच निकालावर लेख लिहिला आहे आणि मी नववीतून शाळा सोडलेला, शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचणारा. माझीच चूक असली तर? अर्ज सोमवारी दाखल व्हायचा आहे.

मी चुकलो असलो तरी माया कमी करू नकोस.
तुझा गोचा

त्स्काल्तुबो
१५ मार्च

चि. गोचास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणणारा मिनीबसवाला उत्तरासाठी दारात खोळंबला आहे, म्हणून थोडक्यात. अरे, शाळा सोडलीस तेव्हा अक्कलही बाकावरच ठेवून आलास का? लहानपणी दुकानदाराने दोन नाणी कमी दिली, तर त्याला भर बाजारात परत मोजायला लावायचास. तेव्हा बरी रेटायची जीभ!

परवा सरकारी घरांच्या खात्याचा माणूस आला होता. इमारत विकली आहे, महिन्याभरात निघा म्हणाला. युद्धात सुखुमीहून पळाले तेव्हा हातात एक पिशवी होती, आता सव्वीस वर्षांचा संसार आहे, तो कुठे नेऊ असे विचारले, तर ते आपले काम नाही म्हणाला आणि गेला. बसायलासुद्धा तयार नव्हता.

पत्र मिळताक्षणी बाईला सांग. ओरडली तर माझे नाव पुढे कर. अजिकाच्या तिखट चटणीची बाटली पाठवते. अर्धी तिला दे, पण आधी सांग आणि मग दे.

आशीर्वाद माझे, धीर तुझा.
इझोल्दाआत्या

तिबिलिसी
१० एप्रिल

ती. आत्यास सा. न.

सांगितले. बाई चष्मा पुसून म्हणाल्या, की लेख मी लिहिला, पण पुढचे बघायचे राहिले. आण तो निकाल. महापीठानेही विधवेलाच जिंकवले होते, पण वेगळ्या कारणासाठी: बाहेर काढण्याआधी तिचे वय, आजार, जायला दुसरी जागा, यांची कोणी विचारपूसच केली नव्हती. मी तुझे पत्र त्यांच्यापुढे ठेवले. बाईंनी अर्ज नव्याने लिहिला.

आज सुनावणी झाली. सरकारी वकील उठले आणि बाईंच्या लेखातला निकाल रद्दबातल असल्याचे मोठ्या ऐटीत सांगू लागले. बाईंनी त्यांना सांगितले, की आम्ही तो दाखवलेलाच नाही, साहेब, अर्ज तरी वाचून यायचे. न्यायाधीशबाईंनी परिच्छेद विचारला, उघडला, आणि तो तिथेच होता. तुझी नीट चौकशी होईपर्यंत खोलीला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. मग यादी कोणी तपासली असे त्यांनी विचारले. बाईंनी मला उभे केले. आत्या, मी खाली पाहिले नाही.

लोभ वाढला असल्यास कळवणे.
गोचा

त्स्काल्तुबो
२ मे

चि. गोचास पोटभर आशीर्वाद.

मिनीबसमधल्या एकूण एक माणसाला तुझी हकीकत तोंडपाठ आहे.

तो खात्याचा माणूस काल पुन्हा आला. या वेळी बसला. वय विचारले, गुडघा विचारला, इथून उठवले तर कुठे जाल हेही विचारले. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा कोणी विचारले, म्हणून मी सगळे सांगितले, सुखुमीच्या घरापासून. नऊ पाने झाली. सही करण्याआधी मी त्याला प्रत्येक परिच्छेदाला आकडा घालायला लावला. कशाला, असे विचारत होता. माझ्या भाच्याला उद्या सापडायला हवे, म्हटले.

तुझी आत्या
इझोल्दा