कुलूप लावलेली त्रेचाळीस घरं

नगर, दि. ८ डिसेंबर २०२४

ती. आजीस, सुकन्याचा वाकून नमस्कार.

पुरवठा खात्यातली नवी नोकरी अंगवळणी पडतेय. आशियातल्या सरकारांनी आपापला कारभार कसा सुधारला, यावर मला मोठ्या साहेबांपुढे बोलायचं आहे. सिंगापुरात कामाला कडक मुदत, कोरियात दाखले मोबाईलवर, जपानात अधिकारी खाती बदलत सगळं शिकतो. सिंगापूरची रीत मी इथे लावलीसुद्धा! रेशनकार्डांची तपासणी पंधरा दिवसांत उरकली. एका वस्तीवर त्रेचाळीस घरं तीनदा बंद सापडली. ती नावं एकतीस तारखेला कमी होतील. तुझ्या वेळी हे कसं व्हायचं? कळव, भाषणात घालते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सुकन्या

ता. पाथर्डी, दि. १५ डिसेंबर

चि. सुकन्यास, आजी लंकाबाईचे आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं व्हय व्हय म्हणतीस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेय, अक्षराला हसू नको.

आमच्या वेळी आसाराम तलाठी हुता. देव न्हवता. कोंबडी दिसली की त्याची लेखणी थांबायची. सिंगापूरचा साहेब कोंबडी मागत नसंल, तर चांगलंच हाय. पण दिवाळी सरली की गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातंय, हे आसारामाला पाठ. तो गुढीपाडव्यानंतरच यायचा, माणसं परतल्यावर. लिंबाखाली बसून एकेकाला नावानं हाक मारायचा. कोण म्हातारं उसाच्या फडातच वारलं ते इचारायचा, अन् टोपी काढायचा. आता तशी हाक कोण मारतंय?

जपानवाला खाती बदलून शिकतो म्हणतीस. तू तर आपलं गावच इसरलीस. तुझा जन्म कारखान्यावरच्या कोपीतल्या झोपडीतला, उसाच्या पाचटावरचा. तवा आपल्या दाराला कुलूपच हुतं. तुझ्यासारखी शहाणी तवा आली असती, तर परत आल्यावर तुझ्या पेजेला तांदूळ मिळाला नसता.

त्या घरांतली माणसं ऊस तोडत्यात, बाई. आधी त्यांना गाठ.

राग आला तर येऊ दे, जेवण सोडू नको. लोभ हायेच.
लंकाबाई

नगर, दि. २ जानेवारी २०२५

ती. आजीस नमस्कार.

यादी मी रोखली. मुदत चुकली म्हणून साहेब चिडले, आणि भाषण दुसऱ्याला दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी ऊसतोडीच्या मुकादमाकडून पत्ता काढून कारखान्यावर गेले. एकेचाळीस घरची माणसं तिथेच भेटली. उरलेल्या दोन घरची दुसऱ्या कारखान्यावर आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलले, पाडव्याला समक्ष भेटेन. नाव एकही कमी केलं नाही.

चांगुणा नावाच्या बाईंनी कार्ड पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. नाव खरंच राहणार का, असं तीनदा विचारलं. मग मला खाली बसवून भाकरी वाढली, आणि पुढच्या वेळी येताना आधी सांगत जा म्हणून दटावलं.

अशीच रागवत राहा.
तुझी सुकन्या