चारशेव्या दिवसाचा कुकर

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

आदरणीय पुंडलिकमामांना विशाखाचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत आणि वैजापूरला तुम्हीही बरे असाल असं मी धरून चालते, कारण विचारलं तरी तुम्ही दुसरं काही सांगत नाही. गीतामामीचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? दुकानात पंपाच्या मोटारी उघडताना नाकाला रुमाल बांधता ना? (बांधत नाही हे मला ठाऊक आहे. पण विचारणं माझं काम आहे, आता तर त्याचाच पगार मिळतो.) फोन करायचा सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "बोल पटकन, गिऱ्हाईक हाय" म्हणता आणि फोन मामीच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही. मामीचा चष्मा फुटलाय हे आईकडून कळलं.

वाळूजच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होऊन मला पाच महिने झाले. आई शेजारणींना सांगते की आमची विशाखा कंपनीत पोलीस आहे. घरात आजवर कुणी पदवी घेतली नसल्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायलाही कुणी नाही. खरं सांगायचं तर ही नोकरी मला तुमच्या दोन बोटांवर मिळाली. मुलाखतीत विचारलं की याच क्षेत्रात का यायचंय, तेव्हा मी सांगितलं की माझ्या मामांची उजव्या हाताची दोन बोटं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली, मशीन आपोआप खाली आली होती, आणि उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरला. मुलाखत घेणाऱ्या तिघा साहेबांनी पुढं एवढंच विचारलं, रुजू कधी होता?

आता मूळ हकिकत. आमच्या गेटाजवळ एक मोठा पत्र्याचा फलक आहे, 'आज अपघाताविना अमुकावा दिवस'. आकडे पत्र्याचेच, रोज सकाळी खिळ्याला टांगायचे. मी रुजू झाले तेव्हा दोनशे एक्केचाळीसावा दिवस होता. चारशेवा उजाडला की प्रत्येक कामगाराला (आणि मलाही) पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळणार होता. माणसं आत येताना आधी त्या आकड्याकडे बघतात, मग हजेरी लावतात. मला ते फार आवडलं. किती जागरूक लोक आहेत, असं मी डायरीत लिहिलंसुद्धा. (ते पान आता फाडलं आहे.)

पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिकटपट्ट्या दर आठवड्याला संपतात. अपघात एक नाही आणि पट्ट्या पन्नास. प्रेसवरचे सगळ्यांत जुने कामगार फारूखभाई यांच्या तळहाताला पट्टी दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "घर में कांदा काटते वखत लगा मॅडम." दुसऱ्यानंही कांदाच कापला होता. तिसऱ्यानंही. मी यादी केली. एका महिन्यात आमच्या प्रेस विभागातल्या नऊ पुरुषांनी घरी कांदा कापताना हात कापून घेतला होता. या शहरातले नवरे इतका स्वयंपाक करत असतील असं मला आजवरच्या निरीक्षणावरून वाटलं नव्हतं. शेवटी झाडलोट करणाऱ्या पारूबाईंनी मला पाण्याच्या टाकीमागं नेऊन समजावलं, "ताई, इथं कुणाला कायबी होत नाय. जे व्हतं ते घरीच व्हतं. कुकर मिळंस्तोवर असंच हाय."

मग मी भाषण केलं. (हसू नका.) शिफ्ट सुटताना, बस उभी असताना, चाळीस मिनिटं. अपघात होण्याआधी तो थोडक्यात चुकतो, तेव्हाच सांगितलं तर पुढचा वाचतो, सांगणाऱ्याला शिक्षा नाही, वगैरे. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं. एक हात वर झाला. "मॅडम, कुकर ॲल्युमिनियमचा की स्टीलचा?"

भाषणानंतर चिठ्ठ्यांची पेटी आली. मी स्वतः रंगवली, 'थोडक्यात वाचलो' असं नाव दिलं. पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. एक डाळ पातळ असल्याची, एक पंख्याची, एक कोरी, आणि चौथीत लिहिलं होतं, 'थोडक्यात वाचलो. सुट्टी मागायला गेलो तर साहेब जागेवर नव्हते.' मी मनाला लावून घेतलं. पण पारूबाई म्हणाल्या, "किल्ली कुणाकडं हाय?" किल्ली विभागप्रमुख बद्रीनाथ सरांकडं होती. "मंग कोण लिवणार?" मी किल्ली पारूबाईंकडं दिली. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळं अक्षर ओळखायची भीती नाही, आणि ज्यांना लिहिता येत नाही ते त्यांना तोंडी सांगू लागले. माझ्या अभ्यासक्रमाच्या सातशे पानांत हा उपाय कुठं नव्हता. हळूहळू खरं यायला लागलं. बहुतेक वेळा एकाच मशीनचं. चार नंबरच्या प्रेसखाली तेल गळतं. चार नंबरपाशी माणूस घसरतो. चार नंबरचं बटण दाबून ठेवतात. मी तीनदा लेखी दिलं, बद्रीनाथ सर तिन्ही वेळा म्हणाले, "ऑर्डर जाऊ द्या, मग बघू."

तीनशे चौऱ्याण्णवाव्या दिवशी, म्हणजे गेल्या गुरुवारी, चार नंबरसमोर उभं राहून मी दोन मुलींना जमीन कोरडी ठेवण्याचं महत्त्व सांगत होते आणि बोलता बोलता त्याच तेलावरून घसरून खाली बसले. पाय असा सुजला की बूट निघेना. सगळे धावत आले. मला उठवलं, बसवलं, पाणी दिलं, आणि मग एकेक जण खिडकीतून गेटाजवळच्या फलकाकडं बघायला लागला. बद्रीनाथ सर स्वतः मलम घेऊन आले (माणूस वाईट नाही, मामा, त्यांच्यावर वरून दाब आहे) आणि अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय सकाळी घरीच मुरगळला होता ना?"

आणि मी म्हणाले, "हो. जिन्यावरून."

आपल्या घराला जिना नाही. तुम्हीच बांधून दिलेलं घर आहे ते.

मी भित्री आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. शिक्षा होईल, नोकरी जाईल, असंही काही मनात आलं नाही. फक्त साठ माणसं माझ्याकडं बघत होती आणि त्यांचा कुकर माझ्यामुळं जाऊ नये, एवढंच वाटलं. फारूखभाई बसपर्यंत माझी पिशवी घेऊन आले. चढवताना हळूच म्हणाले, "हौ मॅडम. आप भी कांदा काटे." त्यात टोमणा नव्हता. आता तुम्ही आमच्यातल्या झालात, असा तो सूर होता, आणि तेच मला जास्त लागलं. पाच महिने मी या लोकांना खोटारडे समजत होते. खोटं बोलायला एक फलक आणि पाच लिटरचं भांडं पुरतं, हे मला स्वतः बोलल्यावर कळलं.

शुक्रवारी सकाळी मी लंगडत गेटावर गेले, तीन आकडे काढले आणि शून्य टांगलं. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही. चहा आला तो थंड आला. पण शनिवारी पारूबाईंनी पदराची गाठ सोडली तर त्यात अकरा चिठ्ठ्या. एक फारूखभाईंची होती, नाव घालून, देवनागरीत: 'चार नंबर. मेरा हात अंदर था. बाल बाल बचा. बटन में पाचर मैंनेच ठोकी.'

त्या चिठ्ठ्या घेऊन मी कारखान्याच्या मुख्य साहेबांकडं गेले. त्यांनी चार नंबर बंद केली आणि म्हणाले, "पाचर मी आज काढतो. उद्या ते दुसरी ठोकतील. एका शिफ्टला किती नग काढायचे ते ठरवलं तेव्हाही पाचर होतीच, म्हणजे आमचंही चुकलं, तो आकडा मी खाली आणतो. पण हात वाचवायचा हे माणसाला स्वतःला वाटायला पाहिजे. गुरुवारी सभा घ्या. पटवा. नाही पटलं तर फलक पुन्हा पूर्वीसारखा." म्हणजे पुन्हा सगळे घरी कांदा कापणार, आणि एक दिवस फारूखभाई थोडक्यात वाचणार नाहीत. माझं भाषण तर सगळ्यांनी एकदा ऐकलं आहे.

बाकी ठीक. मामीला नमस्कार सांगा.

तुमची भाची,
विशाखा

ता. क. १: मुद्द्याचं आता लिहिते, कारण वर लिहायचा धीर झाला नाही. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. एक बटण पाचर ठोकून दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो. तो मोकळा हात कुठं जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. चार नंबरमधून निघालेली पाचर मी हातात घेतली, बाभळीची, बोटाएवढी, एका कडेला घासून गुळगुळीत झालेली. तशीच एक तुमच्या दुकानाच्या खणात नटबोल्टांखाली आहे. बारा वर्षांची असताना मी विचारलं होतं, तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, लागंल कधी." मामा, मशीन आपोआप खाली आली नव्हती ना? मला तुमच्यावर राग नाही. मुलाखतीत मी जे सांगितलं ते तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं, आता खरं काय ते ऐकायचं आहे, आणि मला एकटीला नाही. गुरुवारी या. भाषण नको. हात दाखवा, पाचर दाखवा, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगा.

ता. क. २: आईला कुकर जाणार हे सांगू नका. तिनं जुना कुकर मावशीला देऊन टाकला आहे. सध्या आम्ही भात पातेल्यात शिजवतो.

ता. क. ३: पाकीट बंद करण्याआधी राहवलं नाही म्हणून मामीला फोन केला. पाचरीचं तिला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणाली, "गुरवारी त्यांच्या डब्याच्या पिशवीत मीच टाकते, भाकरीखाली. तू नको सांगू. आधी कळलं तर काढून ठेवतील." मी तर सांगून बसले, तेव्हा घरी गेल्यावर मामीला डबा उघडताना दचकलो असं सांगा.