बाई, गाळ बसला

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते.

त्या दुपारी प्रयोगशाळेत मी रडकुंडीला आले होते. ॲल्युमिनाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहावी म्हणून मी त्यात साबणासारखं द्रव्य घातलं, तर उलट सगळी पूड झरझर तळाशी गेली. माझा सगळा प्रबंध त्या गढूळपणावर उभा होता. तुम्ही आलात, मिश्रणाचं काचेचं नळकांडं उजेडाकडे धरलंत आणि म्हणालात, "छान राहिलंय की गढूळ." मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा टोमणा. "बाई, थट्टा नका ना करू," मी म्हणाले. तुम्ही नळकांडं खाली ठेवायला गेलात, ते टेबलाच्या कडेबाहेर, हवेतच सोडलंत.

काच फुटली, मी तुकडे गोळा करायला वाकले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला हल्ली सगळंच गढूळ दिसतं. साखरेनं डोळे खाल्ले. कॉलेजात कळलं तर घरी बसवतील, आणि तुला नवा मार्गदर्शक शोधावा लागेल. तेव्हा रडणं पुरे. तू बघ आणि मला सांग."

पूड कशी खाली बसली ते मी सांगत गेले, तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "अगं, कमी घातलंस. द्रव्याच्या रेणूंची डोकी पुडीच्या कणांना चिकटली, शेपट्या बाहेर राहिल्या. शेपट्यांना पाणी सोसत नाही, म्हणून कण एकमेकांना बिलगले आणि बुडाले. आणखी घाल. शेपट्यांवर शेपट्यांचा दुसरा थर बसेल, डोकी बाहेर येतील. मग सगळ्या कणांवर सारखाच विद्युतभार, कोणी कोणाला जवळ येऊ देणार नाही." मी नवं मिश्रण केलं, द्रव्य वाढवलं, हलवून ठेवलं. संध्याकाळी निघेपर्यंत ते दुधासारखं पांढरं होतं. "तरंगतंय, बाई," मी म्हणाले. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि जिना उतरताना पहिल्यांदाच माझा दंड धरलात.

तोंडी परीक्षेआधीच तुम्ही गेलात. परीक्षकांनी विचारलं, हे दोन थरांचं कसं सुचलं? "बाईंनी..." एवढंच मी म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आता मी रंगाच्या कारखान्यात हेच काम करते. धायरीतल्या तुमच्या घरावरून जाते, तिथे दुसरेच लोक राहतात. तुमचं त्या दुपारचं बोलणं मला अक्षरन् अक्षर पाठ आहे, बाई. पण तुमचा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही.