नव्या पिंपांचं साल

२६ ऑगस्ट १९८६

सगळीच्या सगळी नवी! एक-दोन नाहीत — अख्खी रांग. वाइन मुरवायची, ओकच्या लाकडाची कोरी करकरीत पिंपं आज ट्रकमधून उतरली आणि आन्सेल्म दारात उभा राहून नवरदेवासारखा हसत होता. मला विचारलं? छे! लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरची द्राक्षं खुडते, पिंपं घासते, पण विचारायचं कशाला — बायकोच ना ती!

सासरे म्हणायचे, चारांत एक नवं, बाकी जुनी. आमचा उतार वरचा, थंड. इथल्या शार्दोने द्राक्षांची वाइन अंगानं बारीक. तिच्यावर एवढं कोरं लाकूड लादलं तर मोडेल बिचारी. हे मी बोलले तर म्हणतो, "ओदील, तू सूप बघ."

बघितलं. रागात करपलं. मुकाट्यानं प्यायला मेला!

३ ऑक्टोबर

खुडणी सुरू. धुकं, बोटं बधिर. द्राक्षं अजून आंबट — दात शिवशिवले. थंडीचं साल आहे.

धाकट्या दिराच्या, लेओन्सच्या ओळी आमच्या ओळींना लागूनच. सासऱ्यांनी एकच उतार दोघा भावांत वाटला. तो पलीकडून ओरडला, "वहिनी, दादानं म्हणे फर्निचरचं दुकान काढलंय!" मजूर खिदळले. मीही हसले. आन्सेल्म नाही हसला.

१४ ऑक्टोबर

लिहू की नको.

नवी पिंपं पुरली नाहीत. शेवटच्या रसासाठी कोपऱ्यातलं एक जुनं ओढलं. आन्सेल्मनं बूच काढलं, भोकाला नाक लावलं, बापासारखा डोळे मिटून लांब श्वास घेतला. "झकास! स्वच्छ आहे. सोड रस." मी नळी धरून शेजारीच उभी. मला भपकारा आला — ओल्या पोत्याखाली उंदीर मरावा तसा. आत बुरशी. शेंबडं पोरदेखील नाक दाबून पळालं असतं. आणि हा थट्टा करत नव्हता.

म्हटलं, "थांब, तळातून गळतंय ते. मघाशी पाहिलं मी." थाप मारली. त्यानं पिंप बाजूला लोटलं.

त्याला वास येत नाही.

लिहिलं — आता खरं झालं.

१५ ऑक्टोबर

म्हणून ती पिंपं! कोऱ्या लाकडाला आतून जाळ दिलेला असतो, त्यातलं काहीतरी पोचत असेल त्याच्यापर्यंत. ऐकू येईनासं झालं की माणूस रेडिओ मोठा लावतो, तसं. आणि मी काय काय बोलले त्याला!

विचारणार नाही. वाइन करणाऱ्याला त्याचं नाक विचारायचं म्हणजे पाय गेलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखं.

९ नोव्हेंबर

रविवारचा पाव आणला, गरम. मी चीज काढायला वळले होते. परत बघते तर त्यानं पाव दोन्ही हातांत धरून त्यात तोंड खुपसलेलं. किती वेळ! मग खाली ठेवला. सावकाश, काही झालंच नाही असा.

मी पुन्हा कपाटाकडे तोंड केलं.

२ डिसेंबर

गाळ ढवळणं चालू. काठी घालतो, तळाचा पांढरा गाळ वर आणतो, वाइन साईसारखी दाट होते. जरा जास्तच ढवळतोय. बोलले नाही. हल्ली मी किती गप्प! मलाच भीती वाटते.

११ फेब्रुवारी १९८७

आज नळीनं काढून मला चाखायला दिली.

आधी व्हॅनिला. मग भाजलेला पाव. मग नुसती फळी — फळी चाटावी तशी! खाली कुठेतरी आमच्या उताराची ती लिंबाची धार, तो ओल्या खडूचा स्वाद. आहे, पण कोंडलाय, आतून दार बडवतोय. आत्ताच्या आत्ता जुन्या पिंपांत काढली तर वाचेल. अगदी जिभेवर आलं होतं.

तो मेणबत्ती धरून उभा. "काय म्हणतेस?"

त्याचा तो पाव आठवला. म्हटलं, "झकास झालीय!" हसले देखील.

"मग राहू दे आणखी," म्हणाला. इतका खूश! कित्येक दिवसांत असा पाहिला नव्हता.

२० एप्रिल

ऊन तापलं, तळघरात जरा ऊब आली, वाइन पुन्हा आंबायला लागली. आता हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा विरेल, लोण्याचा मऊपणा येईल. आन्सेल्म पिंपाला कान लावून बसतो. "ऐक ऐक, कुरकुरतेय." ऐकलं. पावसाळी पानांत गोगलगाय चालावी तेवढाच आवाज. कान तरी शाबूत आहेत देवाच्या कृपेनं.

९ जून

बोन शहराहून वाइनचा दलाल आला. एक घोट घेतला, थुंकला, पेल्यात बघत राहिला.

"मादाम, हे कपाट छान आहे. वाइन कुठे ठेवलीत?"

आन्सेल्म लालबुंद. "मागच्या दोन सालांची वाइन तुम्हीच डोक्यावर घेऊन नाचलात!"

"म्हणून तर आलो ना, आन्सेल्म," तो म्हणाला. आवाज एवढा हळू, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. टोपी घातली आणि गेला. आन्सेल्म तोच एक पेला पुसत बसला. पुसतोय, पुसतोय.

मी तडक लेओन्सकडे. त्याची चाखली. सगळी जुन्या पिंपांतली — बोचरी, नुसती हाडं. आमच्यावर लाकडाचा कोट, त्याची थंडीत उघडी. दोन्ही मिसळल्या तर दोघींचं भलं होईल! एकाच उताराच्या त्या.

"देईन की वहिनी," लेओन्स म्हणाला. चक्क थट्टा न करता. "पण दादानं स्वतः मागायला पाहिजे. आणि झालं काय, तेही सांगायला पाहिजे. सोमवारी माझी वाइन व्यापाऱ्याकडे जाते. मग मी काय करणार?"

१० जून

बोलले शेवटी. "तुला वास येत नाही. ऑक्टोबरपासून माहीत आहे मला. जा, लेओन्सला सांग." कात्री घेऊन मळ्यात गेला. जेवायलाही आला नाही.

११ जून

सकाळी कॉफी पुढ्यात घेऊन म्हणाला, "ऑक्टोबर? मला तीन वर्षं झाली."

मग ती दोन सालं?

"तुझ्या तोंडाकडे बघून केली. नळी तुला द्यायचो आणि तुला बघायचो. नाक मुरडलंस की वाइन जुन्या पिंपांत काढून घ्यायचो. ह्या साली वाटलं, एकदा तरी मला स्वतःला काही कळावं, म्हणून ते लाकूड घेतलं. तरी धीर नव्हता, तुला विचारलंच. फेब्रुवारीत तू हसलीस."

हसले! जन्मात एकदा हे तोंड आवरलं, आणि ते तेव्हा!

रडले नाही. कॉफीचा कप काढून घेतला त्याच्यासमोरचा. म्हटलं, "आजपासून जे लागेल ते मी मोठ्यानं सांगणार, लेओन्ससमोर, दलालासमोर, सगळ्यांसमोर. चालेल तुला? आणि भावाकडे जाणार की नाही? रविवारी चर्च सुटायच्या आत मला उत्तर पाहिजे, आन्सेल्म. तोंडानं."