वेगळी प्लेट

किन्हवली
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय लडकू,

रामराम. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुझ्याकडे जिवलीवहिनी, सुनिल, संजीवनी बरी असतील असं धरून चालतो. आमचं भात झोडून झालं. तुझं अजून खळ्यावर असेल, डोळखांबच्या वर तुमच्या पाड्यात सगळं आठ दिवस उशिराच होतं.

पत्र बघून हसशील. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला सध्या बोलायची मनाई आहे. डाव्या गालाच्या आत तीन टाके पडलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस तोंड कमी चालवा. गीता लगेच म्हणाली, "पंधरा दिस घरात शांती. देव पावला!" टाक्यांचं पुढे सांगतो. घाबरू नको, आता घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आधी कामाचं. बदलापूरच्या फ्लॅटची लादी तशीच पडून आहे. मी एकट्याने न्हाणीघराची एक भिंत केली. मालक म्हणतो, दुसरा जोडीदार आणा. मी त्याला सांगितलं, जोडीदार आहे, कामात आहे. तू वाड्याच्या कुठल्या लादीवाल्यांच्या पार्टीबरोबर जातोस असं सिमेंटच्या टेम्पोवाल्या दामूकडून कळलं. बरं आहे. माणसं चांगली आहेत ना?

काल बदलापूरला स्टेशनच्या अलीकडे नवीन हॉटेल उघडलेलं दिसलं. बाहेर पाटी, आत गार हवा. आत शिरलो आणि मेनू बघायच्या आधी खाली बघितलं. बावीस वर्षांत तू लावलेली खोड, दुसरं काय. तू असतास तर चपलेचा पट्टा लावायचं निमित्त करून वाकला असतास आणि बोटाने ठोकून बघितली असतीस. "लादी पोकल, तिथं रस्सा पातल." हे तुझं शास्त्र माझ्या माहितीत दोनदाच चुकलंय, त्यातलं एकदा तर लादी आपणच बसवलेली होती. मी एकटा बसलो, चहा मागवला, तो थंड करून प्यालो आणि उठलो. पोऱ्यासारखा कोपऱ्यात एकट्याने बसून खायची मला सवय नाही रे.

बसल्या बसल्या ठाण्याचं ते हॉटेल आठवलं. आठवतंय ना? कापूरबावडीचं काम संपवून आपण हातपाय धुऊन, इस्त्रीचे शर्ट घालून गेलो होतो. पाऊण तास बसलो तरी कोणी विचारायला येईना. समोरून माणसं ताटं भरभरून घेऊन चाललेली. शेवटी तू मला म्हणालास, "इथं सगली वाढपीच हायत काय रे? गिऱ्हाईक आपन दोघंच?" उठून आपलं आपण वाढून घ्यायचं असतं, हे ऐकल्यावर तू जो उठलास तो गुलाबजामांपासूनच सुरुवात केलीस.

आणि डोंबिवलीचा तो उडपी! सातव्यांदा सांबार मागितल्यावर त्याने बादलीच टेबलावर आणून ठेवली. त्याला वाटलं आपण शरमू. तू त्याला थँक्यू म्हणालास.

काम हातावेगळं झालं की नवीन हॉटेल, एकदा गेलो तिथे पुन्हा नाही, दोन डिश मागवायच्या पण ताट एकच. हा नियम कोणी केला ते आता आठवत नाही. कल्याणला पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटरने चुकून एकच ताट आणलं आणि आपल्याला इतकी भूक होती की दुसरं मागवायचं राहून गेलं, एवढंच. पुढे किती वेटरांनी जास्तीची ताटं आणली आणि किती वेळा तू ती परत पाठवलीस.

आता टाक्यांचं सांगतो.

श्रावणापासून माझा डावा गाल आतून चुरचुरायचा. तंबाखूचा बार मी त्याच बाजूला धरतो, तुला माहीत आहे. आधी वाटलं चुना लागला असेल. मग आरशात बघितलं तर आत पांढरा चट्टा, आठ आण्याच्या नाण्याएवढा. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मी कोणाला सांगितलं नाही. गीतालाही नाही. आमच्या आळीतले गोजरकाका असेच गालापासून सुरू झाले होते आणि वर्षाच्या आत गेले, हे मी जवळून बघितलंय. कुणालीचं लग्न जमत होतं. म्हटलं, आता आपण हे घेऊन दवाखान्यात गेलो तर पोरीचं लग्न अडेल. रोज सकाळी दार लावून आरशासमोर तोंड वासून उभा राहायचो आणि रोज तो चट्टा थोडा मोठा दिसायचा.

दिवाळीच्या आधीचा तो शनिवार असा आला. कल्याणच्या त्या मटणाच्या खानावळीत तू भाकरी कुस्करलीस, वर लालभडक रस्सा ओतलास आणि ताट माझ्याकडे सरकवलंस. मी वेटरला हाक मारून म्हणालो, "मला वेगळी प्लेट दे, आणि दहीभात." तू विचारलंस, "का रे?" मी म्हणालो, "असंच."

रस्सा मला सोसला नसता हे एक. दुसरं म्हणजे, हे दुखणं उष्ट्यातून तुला लागलं तर? डॉक्टरीणबाई हे ऐकून हसल्या. पण तेव्हा मला कोण सांगणार? मी दोन महिने तुझ्या ताटात हात घालत होतो आणि आतून भीत होतो.

तू ताट परत तुझ्याकडे ओढलंस. जेवलास, हात धुतलेस. शहापूर स्टँडवर उतरल्यावर आपल्या दोघांच्या थैलीतून तुझी थापी, तुझी लेवल आणि रबरी हातोडी काढून घेतलीस आणि डोळखांबच्या गाडीत चढलास. मी खाली उभा राहून बघत होतो.

त्यानंतर एक रात्र तोंडातून रक्त आलं आणि उशी गीताने बघितली. मग माझं काही चाललं नाही. तिने ठाण्याला नेलं. चार तारखेला गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. सात दिवस आमची पाचावर धारण बसलेली. रितेश ऑफिसला दांड्या मारून बापाच्या उशाशी बसला. अकरा तारखेला रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडलो, आणि गीता आधी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मग त्याच हाताने तिने दोन धपाटे घातले. तंबाखू कायमची बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, नाहीतर चट्टा कॅन्सरकडे फिरू शकतो. तुकडा काढला त्याला आज बारावा दिवस आहे, तेव्हापासून तंबाखूला शिवलो नाही.

लडकू, हे पत्र मी इथे संपवू शकलो असतो. तू म्हणाला असतास, अरेरे, बिचारा आजारी होता, मला उगाच वेगळं वाटलं. आणि मी सुटलो असतो.

पण तुला काय वाटलं ते मला त्या खानावळीतच कळलं होतं. मी वेगळी प्लेट मागितली आणि तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग स्वतःच्या हाताकडे. तुला वाटलं, याला आता ठाकराच्या, आदिवासीच्या ताटात जेवायचं नाही. पोरीला मोठ्या घरचं स्थळ मिळालं, आता हा आपली पायरी दाखवतोय. मी एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. नाही बोललो. कॅन्सर हा शब्द तोंडातून काढण्यापेक्षा तुला तसं समजू देणं मला सोपं वाटलं. हे लिहिताना मला माझी किळस येते.

आणि तुला तसं समजायला आधार मीच दिला होता. तेवढंच लिहायचं टाळायला मी वर सांबाराच्या बादल्या ओतल्या.

त्या शनिवारच्या आधी झालेला कुणालीचा साखरपुडा. व्याही टोकावड्याहून दोन गाड्या भरून आले होते. तू सकाळी सातपासून मांडवात होतास, खुर्च्या मांडल्यास, आचाऱ्याला पाणी भरून दिलंस. व्याह्यांच्या भावाने मला विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात."

तू माझ्या मागे सरबताचा ट्रे घेऊन उभा होतास. वळलो तर तू. तू तसाच पुढे गेलास, सगळ्या पाहुण्यांना सरबत दिलंस, रिकामा ट्रे भिंतीला टेकवून ठेवलास आणि गीताला म्हणालास, "वहिनी, निघतो, गाडी चुकल." गाडी सहाची होती. तू चारला निघालास, न जेवता.

का म्हणालो ते मला विचारू नको. मी स्वतःला शंभर वेळा विचारलं. पाहुणे काय म्हणतील, एवढंच उत्तर येतं, आणि ते उत्तर तुझ्यासमोर ठेवण्याच्या लायकीचं नाही. कामाला कोण कोणाकडे होतं रे? दहावी नापास, अठ्ठावीस वर्षांचा झालो तरी मी बेकार फिरत होतो तेव्हा तू मला हाताखाली घेतलंस. दोरी कशी धरायची, माल किती ओला ठेवायचा, सगळं तुझं. पहिलं वर्षभर मी बसवलेली प्रत्येक लादी तू संध्याकाळी उचकटून परत बसवायचास आणि मालकाला कधी सांगितलं नाहीस.

रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोकावड्याला गेलो. न कळवता, एकटा, गाल सुजून लाडू झालेला. मला दारात बघून व्याह्यांचा रंगच उडाला. विहीणबाई पाणी द्यायला आल्या आणि तांब्या हातातच धरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मुलीचा बाप सोयरीक मोडायला आलाय. मला धड बोलता येत नव्हतं. तरी म्हणालो, "साखरपुड्याला मी तुमच्याशी खोटं बोललो." होणाऱ्या जावयाने, प्रणितने, उठून दार लावून घेतलं.

मग सांगितलं. तो माणूस आमच्याकडे कामाला नाही. तो लडकू, माझा मित्र. काम मी त्याच्याकडून शिकलो आणि बावीस वर्षं आम्ही एका ताटात जेवतो. लग्नात तो माझ्या शेजारी बसेल.

व्याही म्हणाले, "एवढंच ना? काय तुमी पन, आमचा जीव घेतलात!" आणि सगळे हसायला लागले. चहा आला, पोहे आले. मला पोहे चावता येईनात. मीही हसलो, पण ते 'एवढंच' मला आवडलं नाही. एवढंच नव्हतं ते.

तीस तारखेच्या रविवारी मी आणि गीता तुझ्याकडे येतो. सकाळच्या गाडीने. तू घरी नसलास तर ओटीवर बसू. असलास आणि बोलला नाहीस तरी बसू. जेवायला थांबा म्हणालास तर थांबेन, आणि माझ्यापुढे वेगळं ताट ठेवलंस तर मान खाली घालून त्यात जेवेन. तो तुझा हक्क आहे.

जिवलीवहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझ्याकडून लादी बसवायला शिकलेला,
धर्मा


डोळखांब
२४ नोव्हेंबर

धर्मा,

संजीवनी लिवते, मी सांगतो. जसा सांगतो तसाच लिव म्हनून तिला सांगितलाय.

पत्र आला. तिनं दोनदा वाचून दाखवला. भात झोडून झाला, नाचनी बाकी हाय. वाड्याची पार्टी बरी हाय, पन दुपारी डबा उघडतात आन् ज्याचा तो तोंड फिरवून खातो. मी चार दिस बगला, मंग जायाचा सोडला.

गालाचा आयकून जिवली लय भडकली तुझ्यावर. म्हंते, भावजींना येवडा दुखना झाला आन् तुमाला कल्ला कसा नाय? मला काय, दिसत होता ना. तू मिरची बाजूला काढत होतास, पानी जास्त पीत होतास. इचारनार होतो. तेवड्यात तो मांडवातला आयकला, मंग जा म्हटला मसनात.

ताटाचा मला दुसराच वाटला ते खरा. तू बरोबर लिवलास.

(बाबा उठून अंगणात गेलेत. म्हणून एक ओळ सोडते. — संजीवनी)

तुझा राग आला आसा तुला वाटत आसल. राग नाय आला. मला तुझी लाज वाटली. ट्रे घेऊन उभा होतो तवा वाटला, आपला धर्मा येवडा घाबरट? दोन पाव्हन्यांना घाबरला? बावीस वर्सांत तुझी लाज मला कदी वाटली नव्हती. घरी येऊन जिवलीला पन सांगितला नाय, आज पोरीला लिवताना सांगतोय आन् जिवली चुलीपाशी बसून आयकते.

टोकावड्याला सुजला गाल घेऊन गेलास, ता वाचल्यावर ती लाज गेली. पोरीचा लग्न मोडायची भीती आसून गेलास. आता नाय वाटत.

लग्नात मी शेजारी बसनार नाय. मला आचाऱ्यावर लक्ष ठेवायचा हाय, मागच्या टायमाला त्यानं भात कच्चा उतरवला होता. बदलापूरच्या मालकाला सांग, सोमवारी दोघं येतो. तू केलेली न्हानीघराची भिंत मी बगनार, ठोकून.

रविवारी या. खिशात पुडी दिसली त बांधावरनंच परत लावीन, गीतावहिनी एकटी जेवल. तुला चावायला नको म्हनून जिवली तांदलाची पेज करनार हाय, मिरची न घालता. मी पन तीच खानार.

वेगल्या ताटाचा लिवलास. आमच्या घरात जास्तीचा ताट नाय.

लडकू