कालव्यापलीकडची सावर

प्रिय साईश,

तू पाठवलेला रंगांचा डबा पोचला. गौरवीने एकेक वडी हुंगून पाहिली आणि डबा उशाशी घेऊन झोपली. बाकीचं फोनवर सांगता येत नाही. त्या वेळी आपली लेक माझ्या शेजारी असते, आणि बोलत नसली तरी ऐकते सगळं. कोरगावच्या सुविधाचा नवरा तुझ्याच बोटीवर चढतोय, त्याच्या हाती हे पत्र देईन.

रोज उन्हं कलली की ती मागच्या पडवीत बसून कालव्यापलीकडची सावर काढते. वायंगणी भाताच्या हिरव्या शेतात ते एकटंच झाड, सध्या पानं पार गळलेलं. आधी कागद भिजवते, वर निळा लावते, खाली नारिंगी, आणि ते एकमेकांत उतरेपर्यंत श्वास रोखून बघते. खरंच सुंदर काढते रे. पण खोड कागद सुकल्यावरच काढायचं असतं, नाहीतर रंग पसरतो. आणि कागद सुकेपर्यंत उजेड जातो. झाड दिसेनासं झालं की ती किंचाळते, खांबावर कपाळ आपटते. मी कागद पंख्याखाली धरला, चुलीजवळ धरला. तिला लवकर बसवून पाहिलं, तर उन्हात ती ब्रशला हात लावत नाही. झाडाचा फोटो समोर ठेवला, तो तिने पालथा घातला. तिन्हीसांजेला मी कशी थांबवून धरू?

गेल्या रविवारी आईंनी डबा लपवला. म्हणाल्या, "रंगच नाय तर रडतली कित्याक?" त्यांचा तरी काय दोष, नातीचं कपाळ सुजलेलं त्यांना बघवत नाही. गौरवी रडली नाहीच. मी आत नारळ खोवत होते, बाहेर आले तर पडवी रिकामी. आम्ही हाका मारत धावत सुटलो, पण ती ओ कुठे देते? शेजारच्या सगुणकाकांनी कालव्याच्या पाण्यावर बॅटरी मारली. ती पलीकडे सापडली. सावरीला गाल लावून उभी, छातीपर्यंत भिजलेली. काकांनी उचलून आणली. म्हणाले, "पाणी आज उणा सोडलेला म्हणान वाचली गो." कपडे बदलताना ती माझ्याकडे बघून हसली, साईश. तिला भीती म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

तेव्हापासून दुपार टळली की दारांना कुलूप. खिडकीतून सावर दिसत नाही. ती कडी हलवत राहते, आणि मी किल्ली कमरेला खोचून तिच्या मागे उभी. काल तिने माझ्या हाताचा चावा घेतला. आता ती माझ्या खांद्याला लागते. पुढच्या वर्षी ती मला आवरणार नाही.

परवा तू विचारलंस, पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेऊ का, आणि मी "घे" म्हणाले. आई समोर बसल्या होत्या, गौरवीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुसरं काय म्हणणार होते? ते खरं नव्हतं. तू आलास म्हणून ती बरी होईल असं नाही, हे मलाही कळतं. पण मला एकटीला आता हे होत नाही. सही केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर काय करायचं, ते मला सुचत नाही. तूच सांग. नाहीतर सांगूही नकोस, नुसता ये.

तुझीच,
समीक्षा